समीक्षक क्रमांक दोन

भाट्याच्या खाडीकडे तोंड करून आमचा वर्ग.
पीएचडीची चार मुलं, मी,
आणि भरती-ओहोटी पाहून फिरणारा पंखा.

पहिल्याच दिवशी सांगितलं,
आढावा म्हणजे हजेरीपट नव्हे.
अमुक यांनी २००४ मध्ये म्हटले,
तमुक यांनी २००९ मध्ये म्हटले.
म्हटलं असेल. पण ते एकमेकांशी बोलले का?
बसवा त्यांना एका बाकावर, भांडू द्या,
आणि कोण कुठे गप्प होतं
तेवढं नीट लिहा.

विभव भाटकरने साठ संदर्भ आणले,
जेट्टीवर पाटी उपडी करावी तसे ओतले.
म्हटलं, आता निवड.
बांगडा बांगड्यात, तारली तारलीत,
आणि जे कशातच बसत नाही
ते फेकू नकोस, तिथेच तुझं काम आहे.

दुसऱ्या सोमवारी खर्डे बदलले.
नावं झाकून, खाकी पाकिटांत,
समीक्षक क्रमांक एक, समीक्षक क्रमांक दोन.
चौघांत कसली गुप्तता!
नौशीन होडेकरचा ळ म्हणजे गाळात रुतलेला नांगर,
अख्खी रत्नागिरी ओळखेल.

हेरंबने शमिकाच्या पानावर लिहिलं, 'कमकुवत.'
विचारलं, कुठे?
'दुखतंय' एवढंच लिहून डॉक्टर औषध देतो का?
बोट ठेव. आणि असं लिही
की ती समोर बसून वाचते आहे.
(समोरच बसली होती.)

विभवच्या पानावर एक वाक्य होतं:
काजळीच्या खाडीत मुळे ऑक्टोबरात प्रजनन करतात.
पुढे कंसात सात नावं, अर्धविरामांत ओवलेली.
समासात पेन्सिलीने फक्त:
'मूळ पाहिलंस?'
नांगरासकट.

तो उसळला, सात जणांनी लिहिलंय!
समीक्षक क्रमांक दोन पटकन म्हणाली,
सातांनी एकाचंच लिहिलंय,
आणि तोंडावर हात ठेवला.

मग उतरलो एकेक पायरी.
सातव्याने पाचव्याचं घेतलेलं, पाचव्याने दुसऱ्याचं,
दुसऱ्याने एका टंकलिखित अहवालाचं, १९७१.
अहवाल जुन्या कपाटात,
किल्ली बाईत मामांकडे,
मामा राजापूरला, गंगा आली म्हणून.
तीन दिवस थांबलो.

वाळवीने कडा खाल्लेल्या, मजकूर शाबूत.
खाडी काजळीची नव्हेच, जयगडची.
एक हंगाम, एका ओहोटीचे नमुने,
आणि खाली कुणा निरीक्षकाची टीप:
'यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढू नये.'
पन्नास वर्षं आम्ही
त्याच्या 'नये'वरून चालत गेलो.

सातांतलं चौथं नाव माझं.
मुलांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं,
मलाही.
शहाण्णव साली सरांनी विचारलं होतं,
मूळ पाहिलंत ना?
मी मान हलवली होती.
मान हलवायला संदर्भ लागत नाही.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
खाली एक होडी पुलाखालून गेली,
तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं.
मग विभव म्हणाला, मॅडम, आता काय लिहू?
म्हटलं, दिसलं ते.
नावं सातही राहू देत, माझंही.
वाक्य बदल.
नौशीन हळूच म्हणाली,
आणि आपल्या खाडीत ऑक्टोबरात खरंच काय होतं,
ते कुणालाच माहीत नाही, असंही लिही.
तिने हे स्वतःच्या वहीतही उतरवलं.

संध्याकाळी ग्रंथालयात गेले,
माझा प्रबंध काढला, पान एक्केचाळीस,
पेन्सिल टोक करूनच नेली होती.

समासात आधीपासूनच एक प्रश्नचिन्ह.
जुनं, फिकट, इतकं हलक्या हाताचं
की प्रकाशाकडे धरल्याशिवाय दिसू नये.
कोण ते कळायला
त्यात एकही अक्षर नव्हतं.